नव्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडून काय मागायचं आणि कधी

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स संघाच्या आक्रमणाची सूत्रं 2022 ते 2025 या चार हंगामांत चार ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरांच्या, म्हणजे आक्रमणाच्या चाली (प्ले) आखणाऱ्या प्रशिक्षकांच्या, हाती होती: शेन स्टायकेन, ब्रायन जॉन्सन, केलन मूर आणि केव्हिन पटुलो. मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्स, ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ हे दोन रिसीव्हर (पास झेलणारे), ही माणसं चारही वर्षं तीच होती. पहिल्या वर्षी संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीकडून 38-35 असा हरला. दुसऱ्या वर्षी पहिल्या 11 पैकी 10 सामने जिंकले, मग शेवटच्या 6 पैकी 5 गमावले आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात टँपाने 32-9 असं घरी पाठवलं. तिसऱ्या वर्षी त्याच कॅन्सस सिटीला 40-22 हरवून विजेतेपद मिळालं. चौथ्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने फिलाडेल्फियातच येऊन 23-19 असा पराभव केला.

स्टायकेन आणि मूर यांना इतर संघांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेलं. जॉन्सन आणि पटुलो यांना जबाबदारी सोडावी लागली. म्हणजे काम उत्तम झालं तरी माणूस जातो आणि फसलं तरी जातो. त्यामुळे ‘नव्या कोऑर्डिनेटरकडून काय अपेक्षा ठेवायच्या’ हा प्रश्न इथे जवळजवळ दर फेब्रुवारीत पडतो. उत्तरात बहुतेक जण सामन्यामागे किती गुण हवेत ते सांगतात. मला हा मापदंड पहिल्या दोन महिन्यांसाठी चुकीचा वाटतो. गुण हे बचाव फळीने चेंडू कुठे मिळवून दिला, किकर कसा आहे, समोर कोण आहे यांवरही ठरतात. कोऑर्डिनेटरच्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एका ठरावीक क्रमाने दिसू लागतात.

सुरुवात भाषेपासून होते. एका कॉलमध्ये, म्हणजे कोऑर्डिनेटरने सांगितलेल्या चालीच्या नावात, मांडणी, कोण सरकणार, लाइनने (पुढे उभ्या राहून अडवणाऱ्या पाच जणांनी) कुणाला अडवायचं, रिसीव्हर कुठे पळणार आणि कितव्या इशाऱ्यावर चेंडू हलणार, एवढं सगळं असतं. काही पद्धतींत प्रत्येक रिसीव्हरच्या मार्गाला आकडा असतो, तर काहींत दोन-तीन मार्गांच्या जोडणीला मिळून एकच नाव असतं. कॉल आठ शब्दांचा होणार की पंधरा शब्दांचा, हे त्यावर ठरतं. क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानावर उभा राहून क्षेत्ररचना बदलतो. इथे बाहेरून आलेला शब्द क्वार्टरबॅकने अकरा जणांच्या घोळक्यात जसाच्या तसा म्हणायचा असतो. म्हणून पहिली अपेक्षा अशी की अनुभवी क्वार्टरबॅकला सगळी भाषा नव्याने पाठ करायला लावू नये. शब्द कोऑर्डिनेटरने बदलावेत. तो एकटा आहे आणि खेळाडू पंचवीस आहेत.

हे का महत्त्वाचं, ते घड्याळ सांगतं. एक प्ले संपला की 40 सेकंद सुरू होतात. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ घड्याळात 15 सेकंद उरले की बंद पडतो. त्याआधीच्या 25 सेकंदांत डाऊन (10 यार्ड काढायच्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर कळणं, कोणते खेळाडू आत पाठवायचे ते सांगणं, कॉल उच्चारणं, हे सगळं बसवायचं. घड्याळात 32-33 सेकंद उरले असताना कॉल पोहोचला तर क्वार्टरबॅक 15 सेकंद हातात ठेवून लाइनवर, म्हणजे चेंडू ठेवलेल्या रेषेवर, येतो. सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) किती खोल उभे आहेत ते पाहतो, एका खेळाडूला सरकवून समोरचे त्याच्यामागे जातात का ते तपासतो, गरज पडली तर अडवणूक बदलतो. 18 सेकंद उरले असताना कॉल आला तर लाइनवर येईतो सात-आठ सेकंद राहतात. मग तपासणी नाही, खेळाडू सरकवणं (मोशन) नाही, चेंडू घ्यायचा आणि नशिबावर सोडायचं. टाइमआउट वाया जातो, किंवा उशिराबद्दल 5 यार्डांचा दंड बसतो. पहिल्या चार सामन्यांत असे प्रकार किती घडले ते मोजा. कोऑर्डिनेटरच्या तयारीचा तो सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे.

दुसरी अपेक्षा संरक्षणाची, आणि हे गणित साधं आहे. लाइनचे पाच आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) एक, असे सहा जण अडवायला. समोरून सहा आले तर माणसामागे माणूस लागतो. सात आले तर सातव्याला कोणी नाही, तो क्वार्टरबॅकच्या वाट्याचा. त्याच्या बाजूच्या रिसीव्हरने मार्ग तोडून लगेच वळायचं आणि चेंडू तिथे जायचा. इथे अडचण बहुधा अशी होते की लाइनला एक नियम शिकवलेला असतो, रिसीव्हरला दुसरा. क्वार्टरबॅक चेंडू टाकायला वळतो आणि तिथे रिसीव्हर अजून पाठ करून पळत असतो. 2023च्या उत्तरार्धात ईगल्सवर ब्लिट्झचा, म्हणजे जादा माणसं धाडून क्वार्टरबॅकवर चढाईचा, मारा झाला, कारण त्यावर तयार उत्तर दिसत नव्हतं. टँपाविरुद्धच्या त्या पराभवात तिसऱ्या डाऊनचे नऊपैकी नऊ प्रयत्न फसले. त्या हंगामात हर्ट्सचे 15 पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. त्याआधी 2022मध्ये 6 होते, नंतर 2024मध्ये 5. हात तोच होता. बदल झाला तो चेंडू किती लवकर आणि कुणाकडे जायचा यात, आणि 2024मध्ये तर मुळात पास कमी टाकले गेले.

कमी टाकता आले, कारण रन (चेंडू हातात घेऊन धावण्याचा प्ले) चालत होता. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच भागात आहेत.

2024मध्ये रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीने नियमित हंगामात 2005 यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो बाराशेही पार करू शकला नाही. ‘कोऑर्डिनेटरने रन देणं सोडलं’ हे स्पष्टीकरण सोपं आहे, पण अपुरं आहे. ईगल्स बहुतेक रन शॉटगनमधून खेळत आले, म्हणजे क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे, बॅक त्याच्या बाजूला. या रचनेत लाइन समोरच्या एका टोकाच्या खेळाडूला मुद्दाम मोकळं सोडते. तो बॅकच्या मागे लागला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून पळतो. तो क्वार्टरबॅकवर नजर ठेवून थांबला तर चेंडू बॅकला. अशा रीतीने एक माणूस न अडवताच बाद होतो. ही युक्ती क्वार्टरबॅक पळेल या भीतीवर उभी आहे. 2024मध्ये हर्ट्स 150 वेळा चेंडू घेऊन पळाला होता. पुढच्या वर्षी ते प्रमाण बरंच उतरलं. मग टोकाचा खेळाडू बिनधास्त बॅकवर धावतो, आणि कागदावर तोच असलेला प्ले मैदानावर एक माणूस कमी घेऊन खेळला जातो. त्यात लेन जॉन्सनसारखा टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) दुखापतीने बाहेर बसला, लाइनमधलेच लँडन डिकरसन आणि कॅम जर्गेन्स हेही दुखण्यांशी झगडत होते.

नव्या माणसापुढे इथे दोनच वाटा आहेत. एक, क्वार्टरबॅकला आठवड्याला सहा-सात वेळा ठरवून पळवायचं आणि दुखापतीचा धोका पत्करायचा. दोन, क्वार्टरबॅकला सेंटरच्या (लाइनच्या मधल्या, चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) पाठीशी उभं करून बॅकला सात यार्डांवरून सरळ धावत आणायचं. दुसऱ्या वाटेत फायदा असा की रन आणि खोटा रन दाखवून टाकलेला पास पहिल्या सेकंदाला हुबेहूब सारखे दिसतात. तोटा असा की क्वार्टरबॅकची पाठ बचावाकडे होते आणि वळल्यावर अर्ध्या क्षणात सगळं चित्र पुन्हा वाचावं लागतं. वर्षानुवर्षं शॉटगनमध्ये खेळलेल्याला ही सवय एका उन्हाळ्यात लागत नाही. कोऑर्डिनेटर दुसरी वाट घेत असेल तर सप्टेंबर अडखळत जाईल, हे आधीच मान्य करायला हवं.

शिवाय एप्रिल ते जूनच्या सरावात अंगावर धडकायला मनाई असते. लाइनचा खरा अंदाज जुलैअखेर पॅड चढल्यावरच येतो. हंगाम सुरू झाल्यावर 17 सामन्यांसाठी पॅड घालून करायचे सराव करारानुसार फक्त 14. म्हणून नवी रन पद्धत पास पद्धतीपेक्षा उशिरा बसते. जूनमध्ये झेललेल्या सुंदर पासांच्या चित्रफिती पाहून हरखू नका.

आठवड्याचं काम ठरलेलं आहे. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी आणि प्रशिक्षकांना रात्र. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे प्ले, गुरुवारी तिसऱ्याचे, शुक्रवारी रेड झोन (गोलरेषेआधीचे शेवटचे 20 यार्ड). शनिवारी क्वार्टरबॅकने नको असलेले कॉल यादीतून खोडायचे, आणि चांगला कोऑर्डिनेटर ते वाद न घालता खोडतो. सामन्यात साठ-पासष्ट प्ले होतात, यादीत त्याहून कितीतरी जास्त असतात. सुरुवातीचे पंधरा-एक आधीच लिहून ठेवायची रीत बिल वॉल्श यांनी रूढ केली. त्या पंधरांचा हेतू समोरचा बचाव कोणत्या मांडणीला कसं उत्तर देतो ते पाहण्याचा आहे. नेमका सहाव्या-सातव्या प्लेला जे कळलं ते तिसऱ्या क्वार्टरमध्ये वापरलं गेलं का, हे तपासा. पहिल्या क्वार्टरमध्ये गुण आणि मग दीर्घ शांतता असं वारंवार झालं, तर तयारी चांगली आणि सामन्यातली दुरुस्ती कच्ची असा अर्थ घ्यावा.

तिसऱ्या डाऊनच्या टक्केवारीवर फार वेळ घालवत नाही. तो आजार बहुधा पहिल्या डाऊनचा असतो. पहिल्याला 4 यार्ड मिळाले तर दुसऱ्याला 6 उरतात आणि बचावाला रन-पास दोन्ही धरून उभं राहावं लागतं. पहिल्याला शून्य, तर पुढचे दोन्ही पास येणार हे गॅलरीतल्या मुलालाही कळतं. ईगल्सकडे एक खास सोय आहे, ती म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलत यार्डभर पुढे नेणं. मे 2025मध्ये तिच्यावरच्या बंदीला 22 संघमालकांनी पाठिंबा दिला, हवे होते 24, म्हणून ती वाचली. तिच्यामुळे तिसऱ्या डाऊनला 4 यार्ड हवे असताना 3 काढणारा रनही चालतो, कारण चौथ्याला एकच उरतो. नवा कोऑर्डिनेटर हे गणित वापरतो का, हे त्याच्या तिसऱ्या डाऊनच्या निवडीतून लगेच दिसेल.

रेड झोनमध्ये जागाच आटते. 8 यार्डांच्या रेषेवरून एंड झोनच्या (गोलरेषेपलीकडच्या, गुण मिळवायच्या पट्ट्याच्या) मागच्या रेषेपर्यंत फक्त 18 यार्ड. सेफ्टींना खोल जायची भीती नाही, म्हणून मैदानाच्या मध्यात चालणारे लांब मार्ग इथे निरुपयोगी ठरतात. क्वार्टरबॅकच्या पळण्याची किंमत इथे सगळ्यात जास्त असते. ते राखून ठेवलेले सहा-सात रन खर्च करायची जागा हीच.

सप्टेंबरमध्ये पहिला सामना पाहाल तेव्हा चेंडूच्या आधी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघा. ईगल्सचा घोळका फुटतो तेव्हा तिथे 15 असतात की 7, ते लिहून ठेवा. चार आठवड्यांची वही माझ्याकडे घेऊन या, मग गुणांबद्दल बोलू.