सव्वा अकरा इंचांचा कागद

नमस्कार श्रोतेहो.

आपोआप वाजणारा पियानो तुमच्यापैकी काहींनी मडगावच्या एखाद्या जुन्या घरात पाहिला असेल. त्याला लागतो छिद्रांचा कागदी रोल. जुने रोल कसरीने खाल्ले, नवे परदेशातून मागवायचे तर परवडत नाहीत. म्हणून छिद्रे पाडायचे यंत्र घरीच करायचे.

रोलची मापे १९०८ साली अमेरिकेत बफेलो इथे कारखानदारांनी ठरवली. रुंदी सव्वा अकरा इंच, इंचाला नऊ छिद्रे. लिहून घ्या : सव्वा अकरा आणि नऊ. कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो, तिला प्रत्येक स्वराचे एक भोक असते, छिद्र आले की तिथून हवा आत जाते आणि त्या स्वराची हातोडी पडते. आमची पेटी हवा बाहेर ढकलते, हा पियानो आत ओढतो. (पेटीचा विषय निघालाच आहे तर, याच आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवले होते. मला ते कधीच पटले नाही.)

पियानोच्या अठ्ठ्याऐंशी स्वरांना छिद्र पाडणारे अठ्ठ्याऐंशी पंच बसवले तर खर्च हाताबाहेर जातो. त्यापेक्षा एकच पंच घ्यावा आणि जुन्या प्रिंटरच्या सरकत्या गाड्यावर बसवावा. पंच मारायला सोलेनॉइड म्हणजे विजेच्या चुंबकाचा दट्ट्या, कागद पुढे न्यायला मोजक्या पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर, आणि संगणकातली मिडी फाइल, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याची यादी, वाचणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. काम सावकाश होते, पण होते. कॉनलॉन नॅन्कॅरो या संगीतकाराने मेक्सिकोत बसून हातयंत्राने असेच रोल पाडले. लांब स्वरासाठी सलग चीर पाडू नका, कागद फाटेल. टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची ओळ ठेवा.

आता खरी गंमत. माझ्या भाच्याने असे यंत्र पणजीत केले, एसीच्या खोलीत. रोलवर अभंगाची चाल पाडली आणि चवथीच्या दिवसांत मडगावला एका आंटीच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, घेऊन आला. बाहेर मुसळधार पाऊस. रोल रात्रभर पियानोवर पडून राहिला. सकाळी शेजारपाजारचे जमले, फोंड्याहून आमचे पेटी दुरुस्त करणारे काकाही आले. भाच्याने पियानोचे पायाचे भाते मारायला सुरुवात केली. डावीकडचे खर्जातले स्वर झकास! वरची चाल सुरू झाली आणि मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मधल्या सप्तकात दोन-दोन शेजारी स्वर एकदम वाजत होते, आणि अगदी वरच्या टोकाला गंधाराच्या जागी चक्क शुद्ध मध्यम!

भाचा वायरी तपासायला धावला. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अरे बाबा, यंत्राला नको हात लावू. तुझा डावा हात सफेद एकमध्ये वाजवतोय आणि उजवा शेजारच्या काळी एककडे निघालाय. कागद फुगलाय!"

स्टीलची पट्टी लावली, तर खरेच. दमटपणाने कागद रुंदीला फुगतो. सव्वा अकरा इंचांवर एक टक्का फुगवटा म्हणजे जवळजवळ एका छिद्राचे अंतर! डावी कड जागच्या जागी, त्यामुळे उजवीकडे जावे तसतशी चूक वाढत गेलेली. आंटीने रोल कपाटात ठेवला, आत बल्ब पेटवून, जसे आपण पावसात तबला ठेवतो. दुसऱ्या दिवशी अभंग सुरात वाजला. काकांनी मात्र तक्रार केलीच : "यात मींड कुठे आहे?" बरोबरच आहे त्यांचे, पण स्वरातून स्वरात घसरत जाणारी ती मींड पेटीत तरी कुठे असते? असो.

तेव्हा कागद मेण लावलेला घ्या, आणि पियानो ज्या खोलीत आहे त्याच खोलीत तो दोन दिवस उघडा ठेवून मग छिद्रे पाडा. एसीत पाडू नका. आणि पंचाखाली पडणाऱ्या कागदाच्या टिकल्या रोज झटका, नाहीतर त्या पितळी पट्टीत जाऊन बसतात आणि स्वर मुका होतो. नमस्कार.