रस्त्यावरचा मुक्काम

[दृश्य: नाशिकचा जुना सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौक, सकाळ. एसटी, रिक्षा, समोर जिल्हाधिकारी कचेरी.]

नाशिकमध्ये गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला फार चालावं लागत नाही. एसटीतून उतरलं की समोर जिल्हाधिकारी कचेरी. शहरातले कितीतरी मोर्चे बी. डी. भालेकर मैदानावरून निघून इथे येतात. शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, बाहेर घोषणा होतात आणि दुपार कलायच्या आत रस्ता मोकळा होतो. अशा मोर्चाचा कुणाला फारसा त्रास नसतो. खरं सांगायचं तर कचेरीलाही नसतो.

पंचाईत होते ती आलेली माणसं घरी जायला तयार नसतात तेव्हा.

[दृश्य: चौकात बसलेल्या शेतकऱ्यांची जुनी छायाचित्रं. लाल झेंडे.]

29 आणि 30 मार्च 2016. दोन दिवस, दोन रात्री हा चौक शेतकऱ्यांचा होता. किसान सभा या डाव्या शेतकरी संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लाखभर माणसं जमली होती. कर्जमाफी, दुष्काळ आणि वनजमीन हे त्यांचे विषय. सुरगाणा, पेठ, कळवणकडची आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन 2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या नावावर व्हावी, म्हणून मागत होती.

दोन वर्षांनी, 6 मार्च 2018 ला, याच चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. कसारा घाट उतरून, सुमारे 180 किलोमीटर चालून तो 12 मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून शेवटचा टप्पा लोकांनी रात्रीतून चालून काढला. मुंबईने त्यांना पाणी दिलं, खाणं दिलं, चपला दिल्या. शिस्तीचं फार कौतुक झालं. त्या कौतुकात एक सूर मात्र खटकणारा होता. इतके शहाण्यासारखे वागले म्हणून यांचं ऐकायला हवं, असा. ऐकून घेण्याचा हक्क त्यांना रात्रीतून चालण्याआधीही होताच की.

सरकारने लेखी आश्वासन दिलं. तरी 2019 मध्ये पुन्हा चालावं लागलं, 2023 मध्ये पुन्हा.

[दृश्य: संविधानाचं पान. मग चौकातले पोलिसांचे बॅरिकेड.]

संविधानाचं 19वं कलम बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचंही. त्याच कलमात वाजवी निर्बंधांची सोयही आहे. व्यवहारात तो निर्बंध महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 मधून येतो. पाच किंवा अधिक माणसांनी परवानगीशिवाय जमू नये, असा पंधरा दिवसांचा मनाई आदेश. सण आला, निवडणूक आली, आंदोलनाची कुणकुण लागली, की आदेश निघतो.

न्यायालयांनी दोन्ही बाजू धरल्या आहेत. 1972 मध्ये अहमदाबादच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करा, पण त्या सरसकट बंद करता येणार नाहीत. दिल्लीच्या रामलीला मैदानावर आंदोलनात झोपलेल्या लोकांना पोलिसांनी मध्यरात्री हुसकावलं, त्यावरच्या 2012 च्या निकालात झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. मग 2020 मध्ये दिल्लीतल्या शाहीनबागच्या, नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या रस्त्यावरील धरण्याच्या निकालात न्यायालय म्हणालं, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, आंदोलन ठरवून दिलेल्या जागीच करा.

ठरवून दिलेली जागा. कुणी ठरवायची, आणि कुठे?

[दृश्य: पंचवटी, काळाराम मंदिराचा दरवाजा.]

1930 च्या मार्चमध्ये पंचवटीत हा प्रश्न फार सरळ होता. दलितांना काळाराम मंदिरात प्रवेश हवा होता, म्हणून जागा होती मंदिराचं दार. 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक निघाली, दारं बंद करण्यात आली. मग सत्याग्रहींनी त्या बंद दारांसमोरच ठाण मांडलं. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. आंबेडकरांचे नाशिकमधले सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पुढे कित्येक वर्षं चालवला. या माणसांच्या हाती 19वं कलम नव्हतं. ते ज्या समितीच्या मसुद्यातून आलं, तिचे अध्यक्ष मात्र याच सत्याग्रहाचे नेते होते. हेच आंदोलन गावाबाहेरच्या एखाद्या मैदानावर झालं असतं तर? दार कुणाला उघडायलाच लागलं नसतं.

[दृश्य: पावसातला रस्ता, ताडपत्र्या, आदिवासी विकास भवन.]

2025 च्या पावसाळ्यात आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी बिऱ्हाड घेऊन बसले. बाह्यस्रोतातून भरती नको, आमच्या नोकऱ्या राहू द्या, ही मागणी. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना वळसा पडत होता, दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. हा त्रास खोटा नाही, त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही.

पण मग हेही बघा. माणसांना तंबूत कसं ठेवायचं, हे नाशिकला शिकवावं लागत नाही. दर बारा वर्षांनी कुंभमेळ्यात साधुग्राम उभं राहतं. नळ येतात, शौचालयं येतात, दिवे येतात, वाहतूक वळवली जाते. शहर हे सगळं करू शकतं.

मुंबईत 2025 च्या ऑगस्टमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला आझाद मैदानाची परवानगी मिळाली, ती एका दिवसाची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आणि पाच हजार माणसांपुरती. ही वेळ शहरात राहणाऱ्याला जमते. सुरगाण्याच्या पाड्यावरून निघालेली बाई घाट चढून, गाडी बदलून नाशिकला पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. शिष्टमंडळाला साहेब भेटले तर भेटले, नाही तर उद्या या. तिला त्या 'उद्या'साठी थांबायचं तर रात्र काढायला जागा हवी, आणि ती कचेरीच्या खिडकीतून दिसणारी हवी.