सोंगाड्यानं स्वतः हसायचं नसतं

नमस्कार श्रोतेहो.

दादा कोंडके म्हटलं की ढगळ अर्धी चड्डी डोळ्यांपुढे येते आणि तिच्यापुढे गुडघ्यापर्यंत लोंबणारा नाडा. पाठोपाठ दुअर्थी संवाद आठवतात, कुणी हसतं, कुणी नाक मुरडतं आणि विषय तिथेच संपतो. आज तो तिथे संपवायचा नाही. ते वाक्य बांधलं कसं जातं, कुठे शिकलं जातं, आणि तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी का पडतं, हे आज बघू. दादांकडे कारागीर म्हणून फार कमी वेळा पाहिलं गेलं, आणि ते कारागीर होते, मोठे कारागीर होते.

दादांचा, म्हणजे कृष्णा कोंडके यांचा, जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावला झाला. आजूबाजूला गिरणगाव. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्या, चाळी, गणपतीतले मेळे, लग्नाच्या वराती. तरुणपणी दादा बँडमध्ये वाजवायचे, पुढे अपना बाजारमध्ये नोकरी केली. बँडचा हा भाग लक्षात ठेवा. वरातीत वाजवणाऱ्याला ठेका सोडता येत नाही, नाचणाऱ्यांचा दम कधी संपतो यावर त्याची नजर असते. विनोद करणाऱ्यालाही याहून वेगळं काही करायचं नसतं.

नंतर राष्ट्र सेवा दलाचं कलापथक आलं. कलापथकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा मजकूर भरला. साचा असा: आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन. मग गवळण, तिच्यात कृष्ण, पेंद्या आणि मावशी. मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट सांगणारं नाट्य. दादा घडले ते बतावणीत. बतावणी म्हणजे दोघांची बोलाचाली. एक जण सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, त्याचं उत्तर वाकडं देतो. बघणाऱ्याला वाटतं की सगळं श्रेय वाकड्या उत्तराचं. फडातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की निम्मं श्रेय सरळ विचारणाऱ्याचं. त्यानं प्रश्न गंभीरपणे, स्वच्छ आणि मोठ्यानं विचारला नाही, तर मागच्या रांगेतल्या माणसाला उत्तर कशाचं आहे तेच कळत नाही.

१९६५ साली वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य रंगभूमीवर आलं. राजाचा छपरी पलंग, तो मागणारी मैना, मेहुण्याच्या वशिल्यानं झालेला कोतवाल आणि बढती हुकलेला हवालदार. दादा हवालदार झाले. दीड हजारांवर प्रयोग झाले. संहिता सबनीसांची, पण लोकनाट्याच्या संहितेत मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात. त्या जागी नट त्या दिवसाची बातमी, त्या गावचं नाव, समोर बसलेल्या पुढाऱ्याची टोपी, हाताला लागेल ते घेतो. दादा या जागांचे राजे होते.

मोकळी जागा दिसते तेवढी मोकळी नसते. नट कितीही भरकटला तरी परतीचं वाक्य ठरलेलं असतं, कारण समोरचा नट आणि ढोलकीवाला त्या वाक्याची वाट बघत असतात. ते वाक्य विसरलं की समोरच्याला पुढचं बोलता येत नाही, ढोलकीची थाप चुकीच्या ठिकाणी पडते आणि एकदा विस्कटलेला वग पाच मिनिटं सावरत नाही. वेळेचा हिशेबही असतो. दहा जागांवर दोन-दोन मिनिटं वाढवली की खेळ वीस मिनिटांनी लांबतो. मग मुंबईत प्रेक्षक शेवटची लोकल गाठायला उठतो, गावात शेवटच्या एसटीसाठी. शेवटचा अंक रिकाम्या खुर्च्यांपुढे करायचा नसेल तर आधी कुठेतरी कापावं लागतं, आणि काय कापायचं हे प्रयोग चालू असताना ठरवावं लागतं.

'विच्छा' आशा भोसले यांनी पाहिलं आणि चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली. १९६९ साली भालजींच्या 'तांबडी माती'मधून दादा पडद्यावर आले. भालजींसारखा गुरू मिळाला. पण खरी अडचण यापुढची होती.

रंगमंचावर नट हशा ऐकतो. हशा चढत असताना थांबतो, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. फार लवकर बोलला तर वाक्य हशात बुडतं, फार उशीर केला तर थिएटर थंड पडतं. कॅमेऱ्यापुढे हशाच नसतो. दिग्दर्शक 'कट' म्हणतो आणि शांतता. तरी थांबायचं असतंच, आणि अंदाजानं थांबायचं असतं, कारण तीच फीत शनिवारी रात्रीच्या भरलेल्या थिएटरातही चालणार आणि मंगळवारी दुपारच्या अर्ध्या रिकाम्या थिएटरातही. विनोदी चित्रपटात यावर एक उपाय करतात. वाक्य संपलं की बिनशब्दांचं काहीतरी दाखवायचं: ऐकणाऱ्याचा चेहरा, डोक्यावरून घसरलेला पदर, चालत निघालेले पाय. थिएटर हसलं तर वाक्य बुडत नाही, नाही हसलं तरी पडदा रिकामा वाटत नाही. दादांची ती मान वाकडी करून बावळट बघण्याची सवय आठवा. नुसत्या लकबीपेक्षा ते बरंच जास्त आहे. हशाला दिलेली ती जागा आहे. शेकडो प्रयोगांत कुठल्या प्रकारच्या वाक्याला लोक किती हसतात हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्यालाच ती जागा मोजून ठेवता येते.

१९७१ साली 'सोंगाड्या' आला. निर्मिती दादांची, लेखन पुन्हा सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. भोळा नाम्या, त्याची आये रत्नमाला, आणि तमाशातली नाची उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूर थिएटरात हा चित्रपट लागायचा होता, पण एका हिंदी चित्रपटासाठी त्याला डावललं गेलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. लागला तो हटेना. 'सोंगाड्या' धरून दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे २५ आठवडे, १७५ दिवस. रोज तीन खेळ धरले तरी एका थिएटरात ५२५ खेळ. एवढे खेळ एकदा बघून जाणाऱ्यांच्या जिवावर होत नाहीत. माणसं पुन्हा पुन्हा येत होती, पाहुण्यांना घेऊन येत होती.

आता दुअर्थी वाक्याकडे येऊ. पहिली अट अशी की वाक्याचा साधा अर्थ शंभर टक्के पुरा हवा. दुसरा अर्थ काढून टाकला तरी वाक्य प्रसंगात चपखल बसलं पाहिजे. साधा अर्थ लंगडा असेल तर लोकांना कळतं की हे मुद्दाम ओढून आणलंय, आणि तिथे विनोद जाऊन फक्त अश्लीलता उरते. दुसरी अट, ज्या शब्दावर वाक्य वळतं तो शेवटाकडे हवा, कारण त्यानंतर बोललेलं कुणी ऐकत नाही. तिसरी अट सगळ्यात अवघड: बोलणाऱ्याला दुसरा अर्थ ठाऊकच नाही असं दिसलं पाहिजे. डोळा बारीक केला, ओठ हलला, की संपलं. दादा पडद्यावर कधी स्वतःच्या वाक्यावर हसत नाहीत. नाम्या भोळा आहे, पाप ऐकणाऱ्याच्या मनात आहे, आणि ते आपल्याच मनात सापडलं म्हणून माणूस खो-खो हसतो. दादांची नक्कल करणारे बहुतेक जण इथे पडतात. ते आधी स्वतः हसतात.

चित्रपटांची नावं याच पद्धतीची आहेत. 'आंधळा मागतो एक डोळा' ही आपली घरची म्हण. तिच्यातला 'एक' गाळला, 'ग'चा 'र' केला, 'आंधळा मारतो डोळा' झालं, १९७३चं शीर्षक तयार. 'आला अंगावर, घेतला शिंगावर' हीसुद्धा म्हण. अर्धी तोडली, 'आली अंगावर' एवढीच ठेवली, पुढचं लोकांनी आपापलं म्हणावं. म्हण अर्धी सांगितली म्हणून सेन्सॉरनं कात्री कुणावर चालवायची? मात्र आणीबाणीच्या दिवसांत 'गंगाराम वीसकलमे' हे नाव टिकलं नाही, कारण इंदिरा गांधींच्या वीसकलमी कार्यक्रमावरचा टोला स्पष्ट होता. तो चित्रपट १९७७ साली 'राम राम गंगाराम' म्हणून आला.

१९७५च्या 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही दादांनी हाती घेतलं. 'विच्छा'तला हवालदार असा पडद्यावर परतला, आणि त्याच्या जोडीला अशोक सराफ उभे राहिले. बतावणीतलं ते सरळ आणि वाकडं आठवा, दोघांचे प्रसंग पुन्हा बघा. याच चित्रपटातून दादांनी सुरेंद्र आणि विजय पाटील या संगीतकार जोडीला 'रामलक्ष्मण' हे नाव देऊन पुढे आणलं. सुरेंद्र लवकर गेले. विजय पाटलांनी नाव तेच ठेवलं आणि पुढे त्याच नावानं 'मैंने प्यार किया'चं संगीत दिलं.

उत्तरकाळातल्या चित्रपटांबद्दल, हिंदीसकट, स्पष्ट बोललं पाहिजे. तिथे वाक्यं वाढली आणि गोष्ट पातळ झाली. गोष्ट भक्कम असताना नाम्याचा भोळेपणा खरा वाटतो, नसताना तोच भोळेपणा सबब वाटायला लागतो, आणि बाईवर ओढलेले शब्द बोचतात. ज्यांना दादा आवडतात त्यांनी पहिली दहा वर्षं आधी बघावीत. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले.

गीतकार दादांचं मात्र नाव क्वचित घेतलं जातं. हनुमान जयंतीला गावोगाव लागणारं 'अंजनीच्या सुता' हे दादांनी लिहिलेलं गाणं आहे, 'तुमचं आमचं जमलं'मधलं, आणि गायलंय अमृतसरच्या महेंद्र कपूर यांनी.

आता दादांचंच दुसरं गाणं ऐकू, १९७८च्या 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधलं 'ढगाला लागली कळ'. गायक महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, संगीत रामलक्ष्मण. ऐकताना 'कळ' या एका शब्दाकडे लक्ष द्या. पोटात येते तीच कळ ढगाला लागली आहे, म्हणून पाणी गळतंय. पुस्तकी 'गळते' लिहिलं असतं तर यमक जुळलं नसतं. गावाकडचं 'गळं' आहे म्हणून ते 'कळ'ला जाऊन चिकटतं. ऐकू या.