आडवं कापलेलं सफरचंद

(दृश्य: नाशिक, पेठ रोडवरचा फळबाजार. सकाळ. सफरचंदाची खोकी उघडली जाताहेत.)

ऑक्टोबर लागला की नाशिकच्या बाजारात सफरचंदाच्या खोक्यांच्या थप्प्या दिसू लागतात. हिमाचलचा माल पावसाळ्यातच सुरू झालेला असतो, सप्टेंबरपासून काश्मीरचा येतो. खोक्याच्या आत कागदाच्या लगद्याचे, खळगे पाडलेले ट्रे असतात, खळग्यागणिक एक फळ. फळं विकली गेली की ट्रे रद्दीत जातात. बालवाडीच्या बाईंनी ते चार-पाच मागून आणावेत. मोजायला, वर्गवारी करायला, बिया वाळवायला इतकी सोयीची वस्तू विकत मिळत नाही. फक्त त्यांत पातळ रंग ओतायचा नाही. लगदा पाणी पितो आणि थोड्या वेळात तळ मऊ पडतो.

(दृश्य: गोदाकाठची हिरवी झाडं. मग एक छापील कागद, त्यावर केशरी पानांचा सडा.)

शरद ऋतूचे म्हणून जे कागद शाळाशाळांतून छापून येतात, त्यांवर पानं केशरी असतात आणि झाडाखाली सफरचंदं पडलेली असतात. नाशिकचं मूल खिडकीतून पाहतं तेव्हा झाडं नुकती पावसाने न्हालेली, गच्च हिरवी. दुपारी ऑक्टोबर हीट. शेतात सोयाबीनची काढणी आणि द्राक्षबागेत गोडी छाटणी. आपली पानगळ शिशिरातली, तिला अजून दोन-तीन महिने आहेत. मग हिरवं झाड बघत केशरी पान रंगवणाऱ्या मुलाने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कागदावर? त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. सफरचंद काश्मीरचं घ्यायचं, कारण ते हातात येतं. पान मात्र इथलं घ्यायचं.

(दृश्य: टेबलावर एक सफरचंद, अगदी जवळून.)

सुरी लगेच उचलायची नाही. आधी फळ कोमट पाण्याने धुऊन, पुसून मुलांच्या हातात द्यायचं. त्यावर चिकटवलेला स्टिकर काढून टाकायचा, नाहीतर तो एखाद्याच्या तोंडात जातो. देठ कुठे आहे ते मुलं लगेच दाखवतात. मग फळ उलटं करायचं. खालच्या खळगीत काळपट, वाळका झुबका दिसतो. तो फुलाचा उरलेला भाग. फूल आधी, फळ नंतर, हे सांगण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

आता कापणी, आणि ती मोठ्यांनीच करायची. सफरचंद आडवं धरायचं, म्हणजे देठ एका बाजूला आणि वाळका झुबका दुसऱ्या बाजूला. बरोबर मधोमध, एका दमात सुरी खाली. दोन अर्धुकं उघडली की मध्ये पाच टोकांची चांदणी दिसते.

(दृश्य: चांदणी. कॅमेरा स्थिर. काही क्षण निवेदन नाही.)

चांदणीची पाच टोकं म्हणजे बियांची पाच घरं. एका घरात बहुधा दोन बिया, म्हणजे सगळ्या मिळून दहा. पण मोजायला बसलं की कुठे आठ निघतात, कुठे सहा, एखादं घर रिकामंच. परागीकरण नीट झालं नाही की बी धरत नाही, आणि ज्या बाजूला बी नाही तिकडे फळही कमी भरतं. म्हणून सफरचंद विकत घेताना एखादं जाणूनबुजून वाकडं, एका अंगाने चेपलेलं घ्यावं. कापण्याआधी मुलांना विचारायचं, रिकामं घर कुठल्या बाजूला असेल? अंदाज दर वेळी बरोबर येत नाही. येतो तेव्हा मात्र वर्गात आरडाओरडा होतो, तो होऊ द्यावा. पाच सफरचंदांच्या बिया ट्रेच्या पाच खळग्यांत वेगवेगळ्या ठेवल्या की कुठे जास्त, कुठे कमी हे मुलं न मोजताही सांगतात. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांचं गणित इथूनच सुरू होतं, आकडा नंतर आला तरी चालतो.

बिया कडू असतात. चुकून एखादी अख्खी गिळली तर घाबरायचं कारण नाही, पण चावून खाऊ द्यायच्या नाहीत.

(दृश्य: वर्तमानपत्र अंथरलेली सतरंजी, रंगाच्या ताटल्या, मुलांचे हात.)

ठसेकाम सगळीकडे करतात आणि बहुतेक ठिकाणी ते फसतं. कागदावर लाल डबकं उमटतं, चांदणी दिसतच नाही. कारणं तीन.

पहिलं कारण, ओलं फळ. कापलेल्या बाजूला रस सुटतो, रंग त्यावर धरत नाही, घसरतो. अर्धुकं जुन्या सुती कापडावर पालथी घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, बियांचे खळगे कापडाच्या कोपऱ्याने टिपून घ्यायचे. बिया काढून टाकल्या तर चांदणी अधिक ठळक येते.

दुसरं, वाकडा काप. सुरी करवतीसारखी मागे-पुढे केली की पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि मधला भाग कागदाला टेकतच नाही. सुरीचं पातं फळाच्या रुंदीपेक्षा लांब हवं. तरीही मध्ये कोरं राहत असेल तर कागदाखाली चार घड्यांचं वर्तमानपत्र ठेवावं. थोडी गादी मिळाली की ठसा पुरा उतरतो.

तिसरं आणि सगळ्यात जास्त होणारं, ताटलीत ओतलेला रंग. मूल अर्धुक त्यात बुडवतं आणि चांदणीचे खळगे रंगाने भरून जातात. ताटलीत भांडी घासायच्या स्पंजचा पातळ तुकडा ठेवायचा, कोरा, साबण न लागलेला. त्यावर एक-दोन चमचे पोस्टर कलर पसरायचा, पाणी न घालता. स्पंजवर दाबायचं, कागदावर दाबायचं, सरळ वर उचलायचं. घासायचं नाही. एकदा रंग लावला की दोन-तीन ठसे निघतात, आणि गंमत म्हणजे दुसरा ठसा पहिल्यापेक्षा चांगला येतो.

लहान हातांतून अर्धुक निसटतं. पाठीला जेवणाचा काटा खोचून दिला की मूठ मिळते. काटा तिरका न खोचता सरळ खोचायचा, नाहीतर दाब एका बाजूला जातो. उभं कापलेलं अर्धुक दिलं तर सफरचंदाचा आकार उमटतो, आडव्याची चांदणी. दोन्ही द्यावीत, पण कुठलं कसं उमटेल हे आधी सांगू नये. आणि रंग लागलेलं फळ खाण्याच्या ताटलीजवळ फिरकू द्यायचं नाही. खाण्याची सफरचंदं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेली बरी.

(दृश्य: चार बशा, प्रत्येकीत एक फोड.)

कापलेलं सफरचंद तांबूस का होतं, हे मूल स्वतःहून विचारतं. सुरीने पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि फोड काळवंडते. करून बघायला चार फोडी लागतात, चारही एकाच सफरचंदाच्या, कारण काही जाती लवकर काळ्या पडतात, काही उशिरा. एक फोड तशीच. दुसरी साध्या पाण्यातून. तिसरी वाटीभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून त्यातून. चौथीला लिंबाचा रस चोळून. दहा मिनिटांनी पाहायचं, मग अर्ध्या तासाने, मग डबे खाऊन झाल्यावर.

नेहमीची चूक अशी की फोडी पाण्यातच ठेवून देतात. पाण्याखाली हवा कमी पोचते, मग साधं पाणीही लिंबाइतकंच भारी वाटू लागतं. एक मिनिट बुडवायचं आणि बाहेर काढून कोरड्या बशीत ठेवायचं, तेव्हा फरक कळतो. घरी लोखंडी विळी असेल तर एक फोड तिच्यावर चिरून पाचव्या बशीत ठेवावी. लोखंड लागलं की काळेपणा आणखी गडद येतो. आजी विळी बाजूला ठेवून स्टीलची सुरी का मागते, ते त्या बशीत दिसतं.

(दृश्य: पाण्याची बादली. सफरचंद तरंगतंय, बटाटा तळाला.)

हे झटपट होणारं. सफरचंदाचा जवळजवळ पाव भाग हवाच असते, म्हणून ते तरंगतं. त्याच वजनाचा बटाटा बुडतो. दोन्ही आधी मुलांच्या हातात देऊन जड कुठलं ते विचारावं, मग पाण्यात सोडावं.

(दृश्य: पानांचा ढीग. आपटा, पिंपळ, उंबर, देशी बदाम.)

आता पानं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकच्या घराघरांत सोनं पडून असतं, त्यामुळे नवीन ओरबाडायची गरज नाही. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानंही विकली जातात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं बरंच मोठं. दोन्ही शेजारी ठेवली की मुलं वेगळी ओळखतात. शिरेवर घडी घातली की दोन्ही भाग एकमेकांवर जुळतात, सममितीचा धडा तिथेच होतो.

पानाचा छाप घ्यायचा तर पान पालथं ठेवायचं, कारण शिरा मागच्या बाजूला उठावदार असतात. वर पातळ कागद. चित्रकलेचा जाड कागद इथे उपयोगाचा नाही. मेणाच्या खडूचा वरचा कागद सोलून खडू आडवा फिरवायचा. टोकाने गिरवलं की कागद फाटतो किंवा नुसत्या रेघा येतात. पान सरकत असेल तर देठाशी चिकटपट्टीचा तुकडा. आणि ज्यांना लाल पान हवंच आहे त्यांनी देशी बदामाखाली शोधावं. त्याचं पान गळण्याआधी लाल होतं. लाल पानांचा बहार हिवाळ्यात, पण एखाददुसरं आत्ताही सापडतं.

(दृश्य: पाटावर हत्ती, भोवती फेर धरलेली मुलं. झाकलेला डबा.)

याच दिवसांत भोंडला असतो, आणि खिरापत ओळखायचा खेळ हा वास आणि आवाज ओळखण्याचा उत्तम सराव आहे. डबा हलवून पाहायचा, झाकण किलकिलं करून वास घ्यायचा. सफरचंदाची खीर यासाठी मुद्दाम करावी, कारण ती वाजत नाही आणि मुलं पेचात पडतात. वीस मुलांना लहान वाटीभर द्यायची तर एक लिटर दूध आटवून पाऊण लिटर करायचं, चार-पाच चमचे साखर घालून गार करायचं. तीन मध्यम सफरचंदं सोलून किसायची आणि लगेच चमचाभर तुपावर परतायची, रस पूर्ण आटेपर्यंत, साधारण दहा मिनिटं. कीसही गार झाल्यावर दुधात मिसळायचा. कच्चा कीस उकळत्या दुधात टाकला की फळातल्या आंबटपणाने दूध फाटतं. कोजागरीला हा घोटाळा हमखास होतो.

चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या सफरचंदाचे चौकोनी तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. किसून, वाफवून, नाहीतर कागदासारख्या पातळ चकत्या करून, तेही बसवून आणि समोर थांबून.

(दृश्य: ट्रेच्या खळग्यांत वाळत घातलेल्या बिया.)

शेवटी उरतात त्या बिया. त्या पेरायच्या, असा हट्ट होतोच. थेट कुंडीत टोचल्या तर बहुतेक काहीच होत नाही. सफरचंदाच्या बीला हिवाळा सोसल्याशिवाय जाग येत नाही, आणि नाशिकची थंडी तिला पुरेलच असं नाही. म्हणून हिवाळा फ्रीजमध्ये करायचा. टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळायचा, पाणी टपकत असेल तर बुरशी येते. त्यात आठ-दहा बिया गुंडाळून डबीत घालायच्या, डबी खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. दर आठवड्याला उघडून बुरशी धरलेली बी काढून टाकायची. दोन ते तीन महिन्यांत काहींना मोड येतात. रोप आलं तरी त्याला त्याच चवीचं फळ लागेल, असं मुलांना सांगू नये. बियांपासून सफरचंदाची जात तशीच उतरत नाही, बागायतदार म्हणूनच कलमं करतात. इतके दिवस धीर धरवत नसेल त्यांच्यासाठी शेजारी वाटीत मूग भिजत घालावेत.

डबीवर मुलाचं नाव आणि तारीख ठळक लिहायची, झाकणावर आणि बाजूलाही. दिवाळीची साफसफाई तोंडावर आलेली असते, आणि फ्रीजमधली बेनावाची डबी सगळ्यात आधी बाहेर जाते.