घ्या अन् पुढे पाठवा

तिवसा तालुक्यातलं एक गाव. खंजिरी भजन स्पर्धेची रात्र. मंडळ उभं राहिलं, की खंजिरीवर पहिली थाप पडायच्या आत समोर मोबाईल वर होतात. कुणी हटकत नाही. उलट गाणाराच माईकवरून सांगतो, "व्हिडिओ साऱ्यायले धाडा बाप्पा, फक्त मंडळाचं नाव राहू द्या."

कायदा त्याच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातल्या १९९४च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचं गाणं रेकॉर्ड करता येत नाही. हा माणूस ती परवानगी भर मंडपात वाटून टाकतो. (चाल पुष्कळदा सिनेमातली असते, ती वाटायचा हक्क त्याचा नव्हेच, पण तो वाद स्पर्धेत कोण काढतो?)

नावाचा एवढा आग्रह का? मेमरी कार्डाचे दिवस आठवा. बाजाराच्या दिवशी रिचार्जच्या दुकानात कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरवरून गाणी भरून द्यायचा. पैसे त्याचे. गाणाऱ्याला छदाम नाही, तेही चाललं असतं. पण फोल्डरमध्ये नुसतं 'भजन ०१', 'भजन ०२'. आवाज गावोगाव पोचला, माणूस घरीच राहिला.

मंडळाला मिळतं ते बिदागीतून, रेकॉर्डिंगमधून नाही. भजन दर्यापूरकडच्या कुणाच्या फोनवर वाजलं, तर सप्ताहाचं बोलावणं येतं. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड बँडचं गणितही याच्या जवळचं होतं. १९८४ साली त्यांनी मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. घ्या, वाटा, विकू नका. २००८ साली नाईन इंच नेल्स या तिथल्याच बँडने 'द स्लिप' हा अख्खा अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे वाटायची परवानगी आधीच देऊन, फुकट दिला. त्यातही अट होतीच: नाव द्या, धंदा करू नका.

भजन लिहिणाऱ्याने ही सोय आधीच करून ठेवलेली असते. शेवटच्या कडव्यात 'तुकड्यादास' आलं, की शब्द राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे हे कुणालाही कळतं. गाणाऱ्याला अशी नाममुद्रा नाही. म्हणून आता मंडळाने मागे फ्लेक्स लावलाय. गावाचं नाव, खाली मोबाईल नंबर, आणि तोही खंजिरीवाल्याच्या डोक्याच्या बरोबर वर. व्हिडिओ कसाही कापा, नंबर चौकटीत येतोच.

फोन मात्र रात्री करावा. सध्या दिवसभर अख्खं मंडळ वावरात कापूस वेचतं.