दगडी पाट आणि चांदीचा दिवा

मंडळी! या एका शब्दाबद्दल मराठीचे आभार मानून सुरुवात करतो. समोर बसलेल्यांना आपण मंडळी म्हणतो, चर्चलाही मंडळीच म्हणतो, आणि जुन्या वळणाची माणसं बायकोचं नाव घ्यायला लाजत, तेव्हा तिलाही 'आमची मंडळी' म्हणत. चर्च ही ख्रिस्ताची वधू, हे समजावायला मोठमोठ्या धर्मपंडितांनी पानंच्या पानं खर्ची घातली. आपलं एका शब्दात भागलं.

पत्रिकेत विषय छापलाय 'कृपा आणि अपुरी माणसं'. सेवेला माणसं कमी पडतात यावर मी बोलणार, असं काहींना वाटलं असेल. तोही विषय आहे, पण तो वार्षिक सभेचा. मला बोलायचंय ते अपुऱ्या, अर्धवट, चुकणाऱ्या माणसांच्या हातून देव काम करून घेतो त्याबद्दल. कृपा, कृपादान आणि पद ही तीन वेगळी आहेत आणि आपण ती एकाच पातेल्यात ढवळतो, एवढंच मला सांगायचंय. पण आधी एक तक्रार नोंदवतो.

मोशे जड जिभेचा होता, याकोब लबाड होता, दावीदानं उरीयाला मारवलं, पेत्रानं तीनदा नाकारलं, पौलानं मंडळीचा छळ केला, तरी देवानं त्यांना वापरलं. ही यादी आपल्याला पाढ्यासारखी पाठ आहे, आणि ती खरीही आहे. तक्रार आहे ती यादी म्हणण्याच्या वेळेबद्दल. एखादा सेवक मोडून पडलाय, कोपऱ्यात रडतोय, तेव्हा ती कुणी म्हणत नाही. दानपेटीचा ताळा लागेना, कुणी लेखी विचारणा केली, की कमिटीला दावीद आठवतो. दावीदाला त्याचं पाप तोंडावर सांगणारा नाथान संदेष्टा मात्र आठवत नाही. २ शमुवेलाचा बारावा अध्याय नीट वाचा. 'परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं आहे' हे तिथे आहे, पण 'तो मनुष्य तूच आहेस' हे त्याच्या आधी आहे, आणि त्या पापाचे परिणाम आधीही सांगितलेत, नंतरही. आपण मधलं वाक्य कापून चौकटीत लावतो.

दुसरं टोकही आहे. ज्या पाळकानं बाप्तिस्मा दिला तो पुढे वाईट निघाला, तर माझा बाप्तिस्मा चालेल का? ज्यानं लग्न लावलं तोच ढोंगी निघाला, मग लग्नाचं काय? या प्रश्नाला हसू नका. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतली मंडळी या प्रश्नावर शंभरेक वर्षं भांडली, आणि त्या भांडणात एका चांदीच्या दिव्याचा मोठा हात आहे. त्या दिव्यासाठी मला दहा मिनिटं द्या. (अध्यक्ष, दहाच.)

रोमन सम्राट डायोक्लेशियननं इसवी सन ३०३ च्या फेब्रुवारीत फर्मान काढलं : प्रार्थनास्थळं पाडा, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळा. त्याच वर्षी १९ मे रोजी नुमिदिया प्रांतातल्या किर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टँटिनमध्ये, नगराधिकारी फेलिक्स कारकून घेऊन ख्रिस्ती लोक जमत त्या घरी आला. त्या जप्तीचा सरकारी पंचनामा आजही उपलब्ध आहे. सोन्याचे प्याले २. चांदीचे प्याले ६, चांदीच्या झाऱ्या ६, चांदीचं एक पातेलं, चांदीचे दिवे ७. पितळी समया, साखळ्यांचे दिवे. आणि मग कपडे : बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, पुरुषांच्या वहाणांचे जोड १३, बायकांचे ४७. जप्तीच्या कारकुनाला धर्मशास्त्र कळत नसतं, म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा. चांदी उपासनेची होती. पण ८२ अंगरखे आणि ४७ जोड वहाणा कुणाच्या? बहुधा विधवांसाठी, गरीब बायकांसाठी साठवलेल्या. मंडळी कशी आहे हे वेदीपेक्षा कोठीघरात लवकर कळतं. आपल्या कोठीत काय सापडेल? मोडका हार्मोनियम आणि गेल्या नाताळची चांदणी. असो.

पौल नावाचा बिशप तिथे बसलेला होता. शास्त्राच्या प्रती कुठायत विचारल्यावर तो म्हणाला, वाचकांकडे (उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या सेवकांकडे) आहेत. इथलं जे आहे ते देतो. आणि दिलं. सामान काढून देणाऱ्यांत सिल्वानुस नावाचा एक उपसेवक, म्हणजे खालच्या पायरीचा धर्मसेवक, होता. सगळी यादी झाली, आणि मग सिल्वानुसनं एका रांजणामागे सापडली म्हणून चांदीची एक पेटी आणि चांदीचा एक दिवा आणून ठेवला. त्याला ऐकवण्यात आलं, 'हे सापडलं नसतं तर मेला असतास.' पंचनाम्यात हे वाक्यसुद्धा नोंदवलंय! दिवा तिथे कुणी लपवला होता, हे मात्र लिहिलेलं नाही.

आता कातुल्लिनुसकडे बघा. तोही उपसेवक. त्यानं एक मोठी पोथी आणून दिली. एकच का, बाकीच्या कुठे? तर वाचकांकडे. वाचकांची नावं सांग म्हटल्यावर तो आणि त्याचा एक सोबती म्हणाले, आम्ही दगाबाज नाही, हे आम्ही उभे आहोत, मारायचं तर मारा. दोघांना अटक झाली. ज्या हातांनी पोथी दिली त्याच माणसानं दोन मिनिटांत मान पुढे केली. शूर आणि भित्रे अशा दोन वेगळ्या रांगा तिथे नव्हत्या. मग अधिकारी दारोदार फिरले. एका वाचकाकडे ४ पोथ्या निघाल्या, फरशीची नक्षी करणाऱ्या एका कारागिराकडे ५, आणखी एकाकडे ८. व्याकरण शिकवणाऱ्या गुरुजींनी २ पोथ्या आणि ४ सुटे जुडगे दिले. एक वाचक घरीच नव्हता, तर त्याच्या बायकोनं ६ आणून दिल्या, आणि सरकारी गुलामानं घर धुंडाळलं तेव्हा आणखी काही निघालं नाही.

छळ ओसरला आणि हिशेब सुरू झाला. पोथ्या देणाऱ्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणत, हाती सोपवणारा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या नव्या बिशपवर, कैकिलियानवर, आक्षेप आला : तुझं हस्तार्पण करणारा, म्हणजे डोक्यावर हात ठेवून तुला पद देणारा, आप्तुंगाचा बिशप फेलिक्स त्रादितोर आहे, म्हणून तुझं पद खोटं, तुझा बाप्तिस्मा खोटा, तुझ्याशी सहभागिता ठेवणारे सगळे विटाळलेले. नुमिदियातून ७० बिशप आले आणि त्यांनी दुसरा बिशप नेमला. पुढे स्वतःला शुद्ध म्हणवणाऱ्या या मंडळीला, तिच्या पुढाऱ्याच्या, दोनातुसच्या नावावरून दोनातवादी म्हणू लागले. त्या नेमणुकीच्या बाजूनं कोण उभा होता? किर्ताचा बिशप. त्याचं नाव सिल्वानुस. होय, दिवा आणून देणारा तोच.

सिल्वानुसच्या हस्तार्पणाला बिशप जमले तेव्हाची एक नोंद सांगतात. त्या सभेचे अध्यक्ष एकेकाला विचारू लागले, तू पोथ्या दिल्यास का? कालामाचा बिशप म्हणाला, मी दिली ती वैद्यकाची पुस्तकं. (अधिकाऱ्यांनी काढ्याच्या कृती जाळल्या!) आणखी एकाला भाच्यांच्या खुनाबद्दल विचारलं, तर त्यानं उलट अध्यक्षांनाच विचारलं, तुम्ही कसे सुटलात ते सांगा आधी. मग ठरलं की हे सगळं देवावर सोपवू. दोनातवादी ही नोंद बनावट आहे म्हणत. ठीक आहे, ती बाजूला ठेवा. पण पंचनामा बाहेर आला तो ३२० मध्ये, न्यायासनापुढे, कारण सिल्वानुसचं त्याच्याच एका सेवकाशी बिनसलं. आणि ज्याच्यावर सगळं रचलं होतं त्या आप्तुंगाच्या फेलिक्सच्या चौकशीत काय निघालं? त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणलेल्या पत्रात मजकूर घुसडलेला होता. घुसडणाऱ्यानं ते कबूलही केलं. फेलिक्स निर्दोष ठरला.

इथे आपल्याला दोनातवाद्यांवर हसायचा मोह होतो. पण मग सिल्वानुसकडे बाप्तिस्मा घेतलेल्या किर्तातल्या विधवेचं काय? दिवा देणाऱ्या हातांनी झालेला तिचा बाप्तिस्मा फुकट गेला? उत्तर आफ्रिकेतलाच पुढचा मोठा बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो, नाही. आणि हे तो दोन्ही बाजूंना सारखंच सांगतो. यहूदा इस्कर्योतानं बाप्तिस्मा दिला असेल तरी तो ख्रिस्तानंच दिला. त्याचा दाखला शेतकऱ्याला लगेच कळेल : पाणी दगडी पाटातून वाफ्यात जातं. पाटात काही उगवत नाही, पण बाग फळते. हे वाक्य मंडळीनं आपल्या बाप्तिस्म्याबद्दल वाचावं आणि निश्चिंत व्हावं. सेवकानं ते स्वतःबद्दल वाचावं, आणि त्याची झोप उडावी. आयुष्यभर पाणी वाहून नेलं आणि आपण दगडच राहिलो, असंही होऊ शकतं.

अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवलंय. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता सात मिनिटांत.

३१४ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आर्ल इथे बिशपांची परिषद भरली. तिच्या एका नियमात तीन गोष्टी आहेत. पोथ्या, पात्रं किंवा भावांची नावं देणारा धर्मसेवक पदावरून जावा. मात्र आरोप सरकारी दप्तरातून सिद्ध व्हावा, नुसत्या बोलण्यावरून नाही. आणि त्यानं ज्यांचं हस्तार्पण केलं ते लायक असतील तर त्यांना त्याचा बाध येऊ नये. पद गेलं, काम टिकलं, पुरावा लागला. सतराशे वर्षांपूर्वीचा हा नियम आपण पाळला असता तर मंडळ्यांतले निम्मे तंटे झालेच नसते.

आता ती तीन पातेली. कृपा : ती मागितल्याक्षणी, विनाअट, चोरालाही. तिला मुदत नाही, परीक्षा नाही. कृपादान : मूळ ग्रीकमध्ये 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपादान, आणि मराठी भाषांतरकारांनी ते नातं सुरेख राखलंय. पण दान हे प्रमाणपत्र नव्हे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभूच्या नावानं संदेश देणारे, भुतं काढणारे लोक आहेत, आणि त्यांना 'मला तुमची कधीच ओळख नव्हती' असं ऐकावं लागतं. गफलत नेमकी इथे होते. सेवक आतून कोसळल्यावरही त्याचा आवाज, त्याची मांडणी, त्याची प्रार्थना चालूच राहते, कधी जास्तच रंगते. लोकांना वाटतं, उपदेश एवढा चांगला होतोय म्हणजे सगळं ठीक असणार. पाट तडकला तरी काही दिवस वाफा भिजतो.

आणि पद. १ तीमथ्य ३ मधली अध्यक्षाच्या (मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या) गुणांची यादी बघा. कौशल्य म्हणावं असं त्यात ठळक एकच, शिकवण्याचं. बाकी जवळजवळ सगळं शील : द्रव्यलोभी नसावा, मारका नसावा, बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. पाचव्या अध्यायात पुढचं आहे : हस्तार्पण घाईनं करू नकोस; मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून घेऊ नकोस; आणि पाप करत राहणाऱ्यांचा दोष सर्वांदेखत दाखव. पहिली दोन वाक्यं कमिटीला पाठ असतात.

'माझी कृपा तुला पुरे' हे वचनही जागच्या जागी वाचा. पौल तिथे शरीरातल्या काट्याबद्दल, अशक्तपणाबद्दल बोलतोय. तोतरेपणा, आजारपण, भीती, थकवा यांना ते लागू आहे. अफरातफरीला नाही. अशक्तपणाला आधार द्यायचा, पापाला पश्चात्तापाची वाट दाखवायची, आणि गुन्हा झाला असेल, लेकराला इजा झाली असेल, तर आधी पोलीस, मग प्रार्थना. तिथे कमिटीनं आपसांत मिटवणं म्हणजे कृपा नव्हे, तो दुसरा गुन्हा.

पैशाचं तर पौलानंच करून दाखवलंय. २ करिंथ ८ : यरुशलेमसाठीची वर्गणी तो एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ सोबत असतो, म्हणजे बोल लागायला जागा उरत नाही. म्हणून दानपेटी दोघांनी उघडायची, ते एका घरातले नसावेत. जागेवरच मोजायचं, आकडा अक्षरी लिहायचा, दोघांच्या सह्या. पैसे कुणाच्या घरी मुक्कामाला जाता कामा नयेत. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे. यात अविश्वास कुणावरच नाही. प्रामाणिक माणसाला खोट्या आरोपातून सोडवणारा कागद तो हाच. आप्तुंगाच्या फेलिक्सला विचारा.

परत घेण्याबद्दल दोन मिनिटं. नाहीत? एक मिनिट. पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवेच्या दौऱ्यावर निघालेला मार्क पंफुल्यातून परत फिरला. पुढच्या दौऱ्यावर त्याला न्यायला पौल तयार होईना, बर्णबानं त्याला आपल्यासोबत नेलं, आणि या वादात दोघा मित्रांची फारकत झाली. कोण बरोबर होतं, हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाही, आणि मला ते फार आवडतं. २ तीमथ्याच्या शेवटी मात्र तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधली वर्षं मोजा. पेत्रालाही समुद्रकाठी परत उभं केलं ते कोळशांच्या विस्तवाजवळ, आणि योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव आणखी एकाच ठिकाणी आहे, जिथे पेत्रानं नाकारलं तिथे. प्रभूनं ती जागा टाळली नाही, आणि प्रश्नही एकदा नाही, तीनदा विचारला.

म्हणून क्षमा आज, विश्वास हळूहळू, आणि पद कदाचित कधीच नाही, हे तिन्ही एकाच माणसाबद्दल खरं असू शकतं. ज्या खजिनदारानं हात मारला त्याच्यासोबत याच रविवारी प्रभुभोजनाला बसा. त्याला खुर्च्या मांडू द्या, आजाऱ्यांना भेटायला सोबत न्या. वही देऊ नका. आणि त्याला काढताना काय ठरलं ते त्याच्यासमोर लिहा, त्याची सही घ्या. तोंडी ठरलेलं तीन महिन्यांत तीन तऱ्हांनी सांगितलं जातं, आणि चौथी तऱ्हा घेऊन कुणीतरी दुसरी मंडळी काढतं. अध्यक्ष उठलेत. प्रश्न चिठ्ठीवर द्या, नाव घालून.