पांढरं गेलं म्हणून हाडं झिजत नाहीत

नमस्कार बायांनो. ही चड्डी बघा. काळी, चांगली आहे, पण मधोमध तांबूस फिकट डाग. घासून घासून दमलात ना? तो जाणार नाही, कारण तिथला रंगच उडालाय. योनीतलं पाणी आंबट असतं, सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचं माप (pH), साधारण ३.८ ते ४.५. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात, आपल्या दह्यातल्या विरजणाचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि वाईट जंतूंना थारा देत नाहीत. म्हणजे या डागाची लाज कसली?

तरी ओपीडीत कापूस वेचणीच्या दिवसांत हमखास ऐकू येतं, "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय, हाडं झिजली, कंबर गेली." व माय, दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर कंबर दुखेल नाही तर काय! हाडातून योनीत यायला वाटच नाही.

पाळीच्या साधारण १४ दिवस आधी पाणी वाढतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं. दोन बोटांत धरलं तर एकतारी पाकासारखी तार निघते. बीज सुटायची ती वेळ. गरोदरपणातही पाणी जास्त जातं. वास नाही, खाज नाही, तर औषध नाही.

खाज सुटली, आग होते, दह्याच्या चोथ्यासारखं जातंय, तर बहुधा बुरशी. मधुमेह असेल तर ती पुन्हा पुन्हा होते, तेव्हा साखर तपासा. राखाडी, पातळ, मासळीसारखा वास, संबंधानंतर जास्त: तिथे चांगले जंतू कमी झालेत. अशा वेळी बाया जंतुनाशकाने आतून धुतात आणि उरलेलेही मारतात. बाहेरून साधं पाणी पुरे. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर गोळ्या नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. नवरे इथेच पळ काढतात, पण एकटीने घेऊन ते परत येतं. ताप आणि ओटीपोटात दुखणं असेल तर थांबूच नका.

मेडिकलवाल्याला "पांढऱ्यावर काहीतरी द्या" म्हणू नका. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे अशाच आजारांच्या सरकारी दवाखान्यात, तपासणी आणि औषध फुकट मिळतं.

आणि चड्डी साडीखाली लपवून वाळत घालू नका. मे महिन्यात आपलं जळगाव ४५ अंशांना टेकतं, ते ऊन कधी कामी येणार?

आता सासूबाईंना इकडे बसवा. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि लाल डाग दिसला, अगदी एकच, किंवा संबंधानंतर रक्त आलं, तर कर्करोग नाही ना, हे तपासावं लागतं. वेचणी संपायची वाट बघू नका, याच आठवड्यात या.